लेखनिकाशिवाय लिहिणे

वाईत राहणाऱ्या माणसाला अक्षरांचे थोडेफार वेड असतेच. गावात प्राज्ञपाठशाळा आणि गावातच मराठी विश्वकोशाचे कार्यालय. ‘नोंद’ हा शब्द आम्हा वाईकरांना तलाठ्यापेक्षा विश्वकोशामुळे जास्त ओळखीचा. त्यातून मी जन्मभर शाळेत मराठी शिकवले, म्हणजे काना-मात्रा-वेलांटीशीच संसार केला म्हणा ना! तेव्हा आज लिपीवर लिहायला बसले आहे याचे माझ्या नेहमीच्या वाचकांना आश्चर्य वाटणार नाही. मात्र ही लिपी डोळ्यांची नाही, बोटांची आहे.

४ जानेवारी हा लुई ब्रेल यांचा जन्मदिवस. २०१९ पासून संयुक्त राष्ट्रांनी तो जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत एखादा चौकटीतला मजकूर येतो. त्यात बहुधा एवढेच असते की ब्रेल यांनी अंधांना वाचायची वाट करून दिली. हे खरे आहे, पण अर्धेच. वाचून दाखवायला घरात कोणी ना कोणी मिळते. लिहिण्याचे तसे नाही. दुसऱ्याने आपल्यासाठी लिहिले की ते लिहिणे आपले राहत नाही. म्हणून अंधांच्या अक्षरओळखीचा इतिहास वाचनाच्या बाजूने न पाहता लेखनाच्या बाजूने पाहावा असे मला वाटते. तसा पाहिला की तो पॅरिसमध्ये सुरू होऊन थेट आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत येतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन आवी या गृहस्थांनी अंध मुलांची शाळा काढली. स्वतः डोळस. मुलांनी वाचावे म्हणून त्यांनी नेहमीचीच रोमन अक्षरे जाड कागदावर उठावाने छापली. पुस्तके अवजड झाली. एकेका अक्षराची वळणे बोटाने चाचपत वाचायचे म्हणजे ओळ संपेपर्यंत सुरुवातीचा शब्द विसरायचा. पण मोठी अडचण वेगळीच होती. मुलांना त्या पद्धतीने लिहिता येत नव्हते. उठावाचे अक्षर छापखान्यातच निघणार, ते मुलाच्या हातून कसे निघावे? डोळ्यांना अक्षर जसे दिसते तसेच ते बोटांनाही द्यावे, ही कल्पना डोळस माणसाची होती. हेतू चांगला होता, पण बोटाला काय कळते हे कोणी बोटालाच विचारले नव्हते.

लुई ब्रेल या शाळेत १८१९ साली, वयाच्या दहाव्या वर्षी आला. वडील खोगिरे आणि चामड्याचे सामान करणारे. त्यांच्याच हत्याराने तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. शाळेत असताना त्याला शार्ल बार्बिये या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी कळली. तिच्यात एका खुणेसाठी बारापर्यंत ठिपके लागत. बार्बिये यांची ठिपक्यांची कल्पना मोलाची होती, पण बारा ठिपके एका बोटाच्या पेराखाली मावत नाहीत. बोट वरखाली फिरवावे लागते आणि तिथेच वेग जातो. लुईने बाराचे सहा केले. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके. सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट खुणा होतात आणि प्रत्येक खूण बोट न हलवता एका स्पर्शात कळते. हे काम १८२४ मध्ये जवळजवळ पुरे झाले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता! पुस्तकरूपाने ही पद्धत १८२९ साली प्रसिद्ध झाली.

आमच्या वर्गात दहावीची मुले ‘मला काय येतंय’ म्हणत बसायची, तेव्हा मी हे उदाहरण हमखास द्यायचे.

या लिपीची गंमत अशी की ती लिहायला छापखाना लागत नाही. एक खाचांची पाटी, एक टोचणी आणि जाड कागद पुरतो. कागद पाटीत अडकवायचा आणि मागून टोचे द्यायचे, म्हणजे ठिपके पुढच्या बाजूला उठतात. त्यामुळे लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचे आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे टोचायचे. कागद काढून पालथा केला की डावीकडून उजवीकडे वाचता येते. ऐकायला अवघड वाटते, पण सवयीने हात ते करतो. उणीव एकच, लिहिता लिहिता मागचे वाचता येत नाही. त्यासाठी कागद पाटीतून काढावा लागतो.

आणि तरी शाळेत या लिपीला बरीच वर्षे धड मान्यता नव्हती. मधल्या काळात तर एका प्रमुखाने तिला मनाईच केली होती, आणि मुले ती चोरून वापरत. फ्रान्समध्ये तिला अधिकृत स्थान मिळाले १८५४ मध्ये. ब्रेल त्याआधी दोन वर्षे, १८५२ मध्ये वारले होते.

ब्रेल यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र चौकटीतल्या मजकुरात सहसा येत नाही. ठिपक्यांची लिपी अंधाने अंधाला लिहायला उत्तम, पण घरी आईला पत्र कसे लिहायचे? आईला ठिपके कुठे वाचता येतात? म्हणून १८३९ मध्ये त्यांनी आणखी एक पद्धत काढली. तिच्यात ठिपक्यांनीच नेहमीच्या अक्षरांचे आकार काढायचे, म्हणजे डोळसांनाही वाचता येईल. हे ठिपके हाताने काढणे कष्टाचे होते. मग फुको नावाच्या त्यांच्या अंध मित्राने त्यासाठी यंत्र बनवले. म्हणजे डोळसांच्या जगाला आपल्या हाताने लिहिता यावे, ही तहान पहिल्यापासून होती.

त्याच्याही आधीची एक कथा आहे. इटलीत १८०८ च्या सुमारास पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या माणसाने एका अंध सरदारकन्येसाठी लेखनयंत्र बनवले. तिचे नाव कारोलिना फांतोनी. यंत्र आज नाही, पण तिने त्यावर लिहिलेली पत्रे शिल्लक आहेत. शाईच्या जागी त्याने काजळी कागद वापरला होता. टंकलेखनयंत्र म्हटले की आपल्याला कचेऱ्या, कारकून आणि अर्ज आठवतात. पण त्याच्या पहिल्या अवतारांपैकी एक जन्मला तो एका अंध बाईला आपली पत्रे आपण लिहिता यावीत म्हणून.

हे वाचले तेव्हा मला माझी आत्या आठवली.

आत्याला लहानपणी देवी आल्या आणि त्यात दृष्टी गेली. त्या काळी देवीने डोळे गेलेले माणूस गावोगाव असायचे. आत्या आमच्याच घरी, गंगापुरीत राहायची. तिची धाकटी बहीण मिरजेला दिलेली. आत्या सांगायची आणि मी पोस्टकार्डावर लिहायची. माझे अक्षर बरे म्हणून चौथीपासून हे काम माझ्याकडे आले. आत्या सांगता सांगता मध्येच थांबायची. मी विचारायची, “पुढं काय लिहू?” ती म्हणायची, “राहू दे. सगळं क्षेम आहे, असं लिही.” तेव्हा मला वाटे, आत्याला आठवत नाही. माझे लग्न होऊन मी सासरी गेले आणि स्वतः माहेरी पत्रे लिहू लागले तेव्हा उलगडा झाला. ज्या घरात ती राहत होती, त्याच घरची मुलगी तिची लेखणी होती. त्या घराबद्दल तिला बहिणीला काही सांगायचे असेल, तर ती कशी सांगणार? आणि तिकडे मिरजेला पत्र वाचणार तिचे मेहुणे. दोघी बहिणींत वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता, पण त्यातले एकही पत्र त्या दोघींपुरते नव्हते.

तिला वाचून दाखवणारे घरात चारजण होते. ज्ञानेश्वरी, हरिविजय, वर्तमानपत्र, सगळे तिच्या कानावरून जाई. वाचनाची तिला उणीव नव्हती. उणीव होती ती लिहिण्याची.

आता आपल्याकडची हकीकत. भारतातली अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड बाईंनी शाळा सुरू केली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. या मिलार्डबाई अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे आमच्या वाईचे मिशन हॉस्पिटल ज्या मिशनचे, त्याच मिशनच्या. शाळा निघाल्या, पण प्रत्येक ठिकाणी लिपी वेगळी. कोणी मिशनऱ्यांची पद्धत वापरी, कलकत्त्यात लालबिहारी शाह यांची पद्धत, आपल्याकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची. तेच ठिपके एका शाळेत एक अक्षर आणि दुसऱ्या शाळेत दुसरे. पुस्तके आधीच मोजकी, त्यात एका प्रांताचे पुस्तक दुसऱ्या प्रांतात मुके.

स्वातंत्र्यानंतर हा गुंता सुटला. भारत सरकारने १९४९ मध्ये युनेस्कोला या बाबतीत लक्ष घालण्याची विनंती केली. युनेस्कोने ते काम सर क्लूथा मॅकेन्झी यांच्याकडे दिले. हे न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचे डोळे गेले होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी डेहराडूनला अंध सैनिकांसाठी काम केले होते. १९५० मध्ये पॅरिसला आणि १९५१ च्या फेब्रुवारीत बैरूटला परिषदा झाल्या आणि त्याच वर्षी भारती ब्रेल ठरली. डेहराडूनला ब्रेल छापखानाही १९५१ मध्येच सुरू झाला.

भारती ब्रेलचे सूत्र मराठीच्या शिक्षिकेला फारच आवडावे असे आहे. ‘क’ कसा दिसतो हे ती विचारातच घेत नाही. ‘क’ हा उच्चार, त्याला एक खूण. मग तो मराठी असो, बंगाली असो की तमिळ, खूण तीच. डोळसांना बंगाली वाचायला नवी लिपी शिकावी लागते. अंध माणसाला भाषा येत असली की पुरे!

ठिपक्यांना नंबर असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. आमच्या गावाचे नाव लिहायचे तर ‘व’साठी १-२-३-६, ‘आ’साठी ३-४-५, ‘ई’साठी ३-५. झाले ‘वाई’, तीन खुणांत. काना आणि ‘आ’ यांना वेगवेगळ्या खुणा नाहीत. शिवाय सगळे उच्चाराच्या क्रमाने. छापील मराठीत ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या डावीकडे येते, खरे तर ती बोलतो आपण नंतर. भारती ब्रेलमध्ये आधी क, मग इ. जोडाक्षर असेल तर अर्ध्या अक्षराच्या आधी ४ नंबरचा एकटा ठिपका येतो. म्हणजे बोटाला आधीच सूचना मिळते की येणारे अक्षर पाय मोडलेले आहे. पहिलीच्या मुलांना जोडाक्षरे शिकवताना ही सोय आपल्याला असती तर, असे मनात येऊन गेले.

आत्या १९५१ नंतरही बरीच वर्षे होती. पण ब्रेल वाईतल्या आमच्या घरापर्यंत पोचली नाही. लिपी ठरणे वेगळे आणि ती माजघरात येणे वेगळे.

१९५१ मध्येच अमेरिकेत पर्किन्स ब्रेलर हे यंत्र बाहेर पडले. डेव्हिड अब्राहम या तिथल्या अंधशाळेतल्या शिक्षकाने ते बनवले. त्याला सहा ठिपक्यांच्या सहाच कळा, तीन डाव्या हाताच्या बोटांना आणि तीन उजव्या. मध्ये जागा सोडायची पट्टी. अक्षराला लागतील तेवढ्या कळा एकदम दाबायच्या, पेटीच्या स्वरांसारख्या. ठिपके वरच्या बाजूला उठत असल्याने लिहिलेले तिथल्या तिथे वाचून बघता येते. पाटीची उणीव यंत्राने भरून काढली.

पण हे झाले अंधांचे आपापसातले लेखन. परीक्षेचा पेपर, बँकेचा अर्ज, नोकरीची चिठ्ठी, हे सगळे डोळसांच्या लिपीत लागते. टंकलेखन हा एक मार्ग होता. टायपिंगच्या क्लासात डोळस मुलांनाही कळांकडे न बघता टंकायला शिकवत, तेव्हा अंध मुलाला ते शिकायला हरकत नव्हती. मराठी यंत्राचा घाट मात्र पूर्णपणे डोळ्यांचा होता. ‘ख’, ‘ग’ यांची अर्धी रूपे एका कळेवर आणि काना दुसऱ्या कळेवर. दोन्ही जोडून अक्षराचे चित्र पुरे करायचे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, कारण ती दिसते आधी. आणि चुकले की नाही हे कागदाकडे बघणारा दुसरा कोणी सांगेल तेव्हा कळणार.

म्हणून परीक्षेत लेखनिक आला. दहावीच्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून मी ही जोडी अनेकदा पाहिली आहे. वेगळ्या खोलीत अंध विद्यार्थी हळू आवाजात सांगतो आहे आणि त्याच्यापेक्षा लहान वर्गातला एखादा मुलगा लिहितो आहे. मोठ्या मनाने मुले हे काम करत, त्यांना नावे ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण मराठीच्या पेपरात शुद्धलेखनाचा विचार होतोच. सांगणारा म्हणतो ‘परिस्थिती’. त्यातली कोणती वेलांटी पहिली आणि कोणती दुसरी, हे लिहिणारा ठरवतो. मग ते गुण कोणाचे? उत्तर विद्यार्थ्याचे, ऱ्हस्व-दीर्घ लेखनिकाचे आणि निकाल दोघांचा मिळून एक. २०१३ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लेखनिक आणि तासाला निदान वीस मिनिटे जादा वेळ आहेच, शिवाय ब्रेलमध्ये किंवा संगणकावर उत्तरे लिहिण्याचा पर्यायही आहे. मला त्यातला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

संगणकाचे नाव निघालेच आहे, तर तिथेही आवींचीच गोष्ट पुन्हा घडली. आपल्याकडे संगणकावर मराठी आली ती आधी छपाईसाठी. पत्रिका आणि पुस्तके सुंदर दिसली की काम झाले. त्यासाठी जे टंक, म्हणजे फॉन्ट बनले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर ‘वाई’ दिसे, पण यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरांची भेसळ असे. डोळसांचे काही अडत नव्हते. पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा कार्यक्रम पोटातले वाचतो, वरचे चित्र नाही. अंध माणसाला ऐकू यायचे ते निव्वळ अगडबंब.

त्याच काळात दुसरी वाटही तयार होत होती. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक ठरला, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण आले आणि त्याच सुमारास युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. यांचे सूत्र काय, तर अक्षराचे चित्र नाही, अक्षर साठवायचे. ‘कि’ साठवताना आधी क, मग वेलांटी. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. ‘क’च्याच कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘त’च्या कळेवर ‘थ’, ‘प’च्या कळेवर ‘फ’. आणि भाषा बदलली तरी ‘क’ची कळ तीच. चाळीस वर्षांपूर्वी भारती ब्रेलने जे ठरवले, तेच संगणकाने पुन्हा ठरवले! अंधांना न्याय देणारी रचना म्हणून कोणी हे केले नसेलही. पण अक्षराला त्याच्या दिसण्यापासून सोडवले की त्याचा पहिला लाभ न पाहणाऱ्याला होतो.

ऐकवणारे कार्यक्रम तर अंधांनीच बनवले. अमेरिकेत टेड हेंटर यांचा जॉज १९८९ चा. त्यांची दृष्टी मोटार-अपघातात गेलेली. ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए सुरू केला आणि तो फुकट ठेवला. वर ज्यांची नावे आली त्यांतल्या ब्रेल, फुको, मॅकेन्झी, हेंटर, करन यांपैकी एकही डोळस नव्हता, हे लक्षात घ्या.

या मालिकेत एक नाव आपल्या पुण्याचे आहे. टी. व्ही. रामन १९६५ साली पुण्यात जन्मले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी पूर्ण अंध झाले. वाडिया महाविद्यालयातून गणित, पुढे आयआयटी मुंबई आणि मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. गणितातली सूत्रे कानांनी नीट समजावीत अशी पद्धत त्यांनी डॉक्टरेटसाठी तयार केली. २००५ पासून ते गूगलमध्ये. तेव्हाच्या सुमारास मोबाइलच्या कळा जाऊन गुळगुळीत काच येऊ लागली होती. कळा असलेल्या फोनवर ५ च्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असे आणि त्यावरून अंध माणूस बाकीचे आकडे ओळखे. काचेवर उंचवटा कुठून आणायचा? रामन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी प्रश्नच उलटा केला. माणसाने ५ शोधायचा नाही, बोट जिथे टेकेल तिथेच ५. तिथून वर सरकले की २, डावीकडे तिरके वर गेले की १, खाली गेले की ८. चुकले तर बोट उचला आणि पुन्हा टेकवा. किती साधे! पण ते सुचायला काच रोज चाचपणारे बोट लागते.

२००९ मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आले. बोट पडद्यावरून फिरवावे तसे खालचे अक्षर ऐकू येते आणि हवे ते आले की खूण करून उमटवायचे. २०१४ मध्ये आयफोनच्या काचेवर, तर २०२० मध्ये अँड्रॉइडवर ब्रेलची सहा बोटे टेकवून लिहायची सोय झाली. पर्किन्सच्या सहा कळा काचेत उतरल्या म्हणायच्या.

मराठीची अडचण अशी की इंग्रजीची सव्वीस अक्षरे, आपली काना-मात्रा धरून साठाच्या घरात. तेवढ्या कळा छोट्या पडद्यावर कोंबल्या तर बोटाखाली एकदम तीन येतात. आयआयटी मुंबईत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वरचक्र नावाचा कळफलक बनवला. त्यात व्यंजने आपल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली, आणि व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चाक उघडते. तीच कल्पना अंधांसाठी बदलून घेऊन, मराठी लिहिणाऱ्या अंध व्यक्तींकडून ती तपासण्याचे कामही तिथे झाले. क-ख-ग-घ पाठ असेल तर ‘ग’ सापडल्यावर ‘घ’ कुठे आहे हे शोधावे लागत नाही. पहिलीत घोकलेली वर्णमाला अशी उपयोगाला येते.

ही तपासणी कशी करतात हे समजून घेताना मला गंमत वाटली. वाक्य द्यायचे, ते टंकायला लावायचे, वेळ मोजायचा, चुका मोजायच्या. सोपे वाटते ना? डोळस माणूस वाक्य समोर बघत टंकतो. अंध माणसाला ते ऐकून लक्षात ठेवावे लागते. वाक्य लांबले तर तपासणी टंकण्याची न होता स्मरणशक्तीची होते. शिवाय मोजायचे काय? ‘कृष्णा’ ही अक्षरे दोन, पण टंकताना क, ऋकार, ष, पायमोड, ण, काना असे सहा वेळा बोट चालवावे लागते. दोन म्हणायचे की सहा? आणि डोळसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून केलेली तपासणी बाद. पट्टी बांधलेला माणूस पाच मिनिटांचा आंधळा असतो. त्याला काय जड जाते यावरून, वीस वर्षे कानांनी जगणाऱ्याला काय जड जाते ते कळत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आता पन्नाशीला आला आहे. रातांधळेपणापासून सुरुवात होऊन त्याची दृष्टी तिशीनंतर हळूहळू गेली. मध्यंतरी तो घरी आला तेव्हा मी त्याला फोनवर मराठी लिहून दाखवायला सांगितले. फोन इतक्या वेगाने बोलत होता की मला एक अक्षर कळेना. तो मात्र सहज टंकत होता. मी विचारले, “अरे, आता तर नुसते बोलले की फोन लिहून देतो. मग हा खटाटोप कशाला?”

तो हसून म्हणाला, “बाई, बोलून लिहितो ना. रिक्षा बोलवायला, बाजाराची यादी करायला बोलूनच लिहितो. पण मित्राला घरातलं काही कळवायचं असलं तर? घरात सगळ्यांनाच ऐकू जातं. आणि एक. बोललं की ऱ्हस्व-दीर्घ फोन ठरवतो. तुम्ही शिकवलेलं माझं मला राखायचंय.”

फोनवरचा आवाज ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीचा शब्द बहुधा सारखाच उच्चारतो. म्हणून शंका आली की तो अक्षर-अक्षर मागे जाऊन ऐकतो. वेळ लागतो, पण शब्द त्याचा स्वतःचा असतो. बोलून लिहिण्याची सोय वाईट नाही, हात कापणाऱ्या आमच्या वयाच्या लोकांना तर ती वरदानच आहे. पण शेवटी तोही एक लेखनिकच. तो चांगला आहे, फुकट आहे, थकत नाही. तरीही त्याच्यावाचून लिहिता यायला हवे आणि कोणावाचून काय लिहायचे हे लिहिणाऱ्याने ठरवायला हवे. मुलांना आता ब्रेल कशाला, फोन बोलतोच की, असे म्हणणारे शिक्षक भेटतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की नुसते ऐकून भाषा येते, शुद्धलेखन येत नाही. डोळस मुलाला आपण वही-पेन्सिल न देता नुसत्या गोष्टी ऐकवून साक्षर म्हणू का?

विश्वकोशाचे वीसही खंड आता आंतरजालावर आहेत, आणि ते युनिकोडमध्ये आहेत. कपाटातले जाड खंड माझ्या या विद्यार्थ्याच्या काही उपयोगाचे नव्हते. आता त्याला हवा तो शब्द तो स्वतः टंकतो आणि नोंद ऐकतो. गावातल्या गावात एवढे अंतर पडले होते, ते असे मिटले.

असो. लेख लांबला. जाता जाता ब्लॉगवाल्या मित्रमंडळींना आणि घरच्या मंडळींना एक विनंती करते. हल्ली मराठी मजकुराचे चित्र करून पाठवायची फार पद्धत पडली आहे. कविता, निधनाची वार्ता, मुंजीचे आमंत्रण, सगळे फुलांच्या चौकटीत. फोटोतल्या अक्षरांवर अजून बिनचूक भरवसा ठेवता येत नाही, कितीतरी वेळा ऐकणाऱ्याला नुसते ‘चित्र’ एवढेच ऐकू येते. चौकट हवी तर ठेवा, पण खाली दोन ओळी टंकून टाका. कोणाचे लग्न, कधी, कुठे. आपल्या नात्यात वाढत्या वयाने नजर अधू झालेली तिघे-चौघे तरी आहेत. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी ब्रेल पाटीवर किंवा फोनवर मराठी लिहिणारे कोणी असेल, तर त्यांना कोणता कळफलक सोयीचा वाटतो ते मला जरूर कळवा. शक्य असेल तर त्यांनीच लिहून कळवावे.